तान्हेपणीची सुई, मोठेपणीचं दुखणं

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला एक तरुण डॉक्टर ऱ्होड्स शिष्यवृत्ती घेऊन ऑक्सफर्डला गेला. नाव कंवलजीत सिंग आनंद. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करताना त्याला एक गोष्ट खटकायला लागली. कमी दिवसांची बाळं शस्त्रक्रियेला जाताना बरी असायची आणि परत यायची ती पांढरीफटक पडलेली, अगदी गळून गेलेली. शस्त्रक्रियेत काही चुकलेलं नसायचं. शेवटी तो थिएटरमध्येच जाऊन पाहू लागला. बाळाने हलू नये म्हणून स्नायू लुळे करणारं औषध दिलं जात होतं, जोडीला सौम्य असा नायट्रस ऑक्साइड. वेदना खरोखर थांबेल असं काहीच नाही.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. एवढ्याशा जिवाला भूल झेपणार नाही, ही डॉक्टरांची भीती खरी होती. शिवाय समज असा होता, की बाळाच्या नसांवरचं आवरण अजून पुरतं तयार नसतं, तेव्हा त्याला वेदना कळतच नसेल. आणि कळली तरी मोठेपणी कुठे लक्षात राहणार आहे?

आनंद आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोळा बाळांवर अभ्यास केला. सगळ्यांची हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधायची होती. आठ जणांची शस्त्रक्रिया नेहमीच्या पद्धतीने झाली, आठ जणांना वरून फेन्टानिल हे जोरकस वेदनाशामक दिलं. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त चढली आणि नंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. १९८७ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नवजात बाळाला भूल देण्याबद्दलचं वैद्यकाचं मत त्यानंतर पालटत गेलं.

‘कुठे लक्षात राहणार आहे’ हे वाक्य मात्र अजून घरोघरी ऐकू येतं. मीही ते ऐकलंय. माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात झाली आणि तेवीस दिवस काचेत होती. टाचेतून रक्त, हाताला सलाईन, नाकात नळी. मी दाराच्या काचेतून बघायचे. ‘अगं, तिला यातलं काही आठवणार नाही’ असं घरच्यांनी समजावलं, ते मायेनेच. आणि तिला आठवत नाही, हे खरंही आहे. पण आठवणं म्हणजे नेमकं काय, हे मला त्यानंतर हळूहळू कळत गेलं.

टोरोंटोच्या ॲना टॅडिओ यांनी १९९७ साली ८७ मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींची जन्मानंतर सुंता झालेली नव्हती, काहींची झाली होती. झालेल्यांपैकी काहींना आधी बधिर करणारं मलम लावलेलं होतं आणि काहींना नुसतंच साधं मलम. चौथ्या-सहाव्या महिन्यात लस टोचताना या सगळ्यांचं चित्रण केलं गेलं आणि कोण किती कळवळतं, किती वेळ रडतं, हे मोजलं गेलं. ज्यांची सुंता झाली नव्हती ती मुलं सगळ्यांत लवकर सावरली. बधिर न करता ज्यांची झाली होती, ती सगळ्यांत जास्त रडली. बधिर करणारं मलम लावलेली मधोमध.

चार महिन्यांच्या बाळाला आपल्या पहिल्या आठवड्यातलं काही सांगता येणार नाही. तरी लशीची सुई ही आपल्यावरची पहिली इजा नाही, एवढं त्याच्या अंगाला ठाऊक होतं. ही ओळख कुठे राहते, ते समजून घ्यायचं तर आधी वेदना शरीरात कशी फिरते ते बघावं लागतं.

वेदना म्हणजे देवळातली घंटा, दोर ओढला की वाजली, असं आपण धरून चालतो. मला ती कालव्याच्या पाण्यासारखी वाटते. धरणातून कालवा, कालव्यातून चारी, चारीतून शेत, आणि जागोजागी दारं. पाटकरी दार किती उचलतो त्यावर शेतात किती पाणी येणार ते ठरतं. बोट चेमटलं की संदेश मज्जारज्जूत पोचतो आणि तिथे पहिलं दार लागतं. त्या दारावर मेंदूच्या बुंध्यातून खाली उतरणाऱ्या मज्जातंतूंचा ताबा असतो. कबड्डीच्या ऐन सामन्यात घोटा मुरगळला तरी खेळाडूला सामना संपेपर्यंत कळत नाही, कारण वरून दार दाबून धरलेलं असतं. तीच दाढ दिवसा सोसते आणि रात्री एकटं पडल्यावर जीव खाते. दाढ तीच, कीड तेवढीच. फरक दाराचा.

आता नवजात जिवाकडे या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मारिया फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिलांवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यातून दिसलं, की पिलांमध्ये पहिले काही आठवडे हा पाटकरी दार उघडायचंच काम करतो. बंद करणं त्याला तिसऱ्या आठवड्यानंतर कुठे जमायला लागतं. म्हणजे ‘लहान बाळाला कमी दुखतं’ या समजाच्या बरोबर उलट. त्याच्याकडे वेदनेला घालायला बांधच नाही.

आणि पाटकरी अजून शिकत असतानाच पूर आला तर? जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पिलाच्या पायाला छोटासा छेद दिला. तो भरून आला, पिलू वाढलं, चारचौघा उंदरांसारखं वागू लागलं. मग मोठेपणी त्याच पायाला पुन्हा छेद दिला, तेव्हा तो पाय नेहमीपेक्षा जास्त आणि जास्त दिवस हळवा राहिला. मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, इजा-संसर्गावर लक्ष ठेवणाऱ्या. पहिल्या जखमेने त्या जणू कान टवकारून बसतात आणि वरवर काही दिसत नसताना तशाच राहतात. दुसरी जखम झाली की त्या लवकर आणि जोराने कामाला लागतात. पण याच संशोधकांनी मोठेपणीच्या जखमेच्या वेळी या पेशींना शांत करणारं औषध मज्जारज्जूजवळ दिलं, तेव्हा हा जास्तीचा हळवेपणा आलाच नाही. आधीच्या जखमेचा ठसा राहिला असला, तरी त्याचा परिणाम अडवता येतो, असा याचा अर्थ. मला या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत दिलासा देणारा भाग वाटतो.

काचेतल्या बाळांच्या वाट्याला किती सुया येतात, हे पॅरिस परिसरातल्या अतिदक्षता विभागांनी २००८ साली मोजून छापलं. ४३० बाळं, पहिले चौदा दिवस. दर बाळामागे रोज सरासरी सोळा वेळा काही ना काही त्रास, त्यातले दहा दुखणारे. आणि दर पाचांपैकी जवळजवळ चार वेळा वेदनेवर खास असा काही उपाय केलेला नव्हता. हे आकडे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. टाचेतून रक्त घेतल्याशिवाय बाळ वाचत नाही, हे मलाही कळतं. प्रश्न सुई टाळण्याचा नाहीच, सुईच्या वेळी बाळाच्या बाजूने काय केलं, याचा आहे.

अशी बाळं मोठेपणी सरसकट ‘जास्त हळवी’ होतात, असं मात्र समजू नका. जर्मनीत ९ ते १४ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा चित्र वेगळंच निघालं. जन्मानंतर अतिदक्षता विभागात राहिलेल्या मुलांना गरम स्पर्श दुखायला लागायला उलट जास्त उष्णता लागत होती. पण उष्णता बराच वेळ चालू ठेवली, की ती इतर मुलांपेक्षा जास्त हळवी होत गेली. एखादा चटका चटकन कळणार नाही, पण रेंगाळणारा ठणका जास्त छळेल, असं काहीसं. आई म्हणून हे ओळखणं अवघड आहे. पडल्यावर न रडणारं मूल ‘भारी सोशिक’ म्हणून आपण सोडून देतो.

आतापर्यंत सुई आणि कात्री यांच्याबद्दल बोलले. बहुतेक मुलांच्या वाट्याचा ताण वेगळा असतो. घरातली मारहाण, आईबापांचं दारू पिणं, आईचं लांबलेलं आजारपण, उपासमार, दर सहा महिन्यांनी हलणारं बिऱ्हाड. याने चिंता वाढते, हे आजीलाही ठाऊक होतं. कसं वाढते, ते मात्र गेल्या चाळीसेक वर्षांत उलगडत गेलं.

धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडावर बसलेल्या दोन ग्रंथींना निरोप धाडतो आणि त्या कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. रक्तात साखर वाढते, शरीर तयारीत येतं. हेच कॉर्टिसॉल मेंदूत परत पोचलं, की हिप्पोकॅम्पस नावाचा भाग ते ओळखतो आणि ‘पुरे, मिळाला निरोप’ असं कळवतो. ओळखायला त्याच्याकडे कॉर्टिसॉल पकडणारे ग्राहक-रेणू हवेत. ते भरपूर असतील तर गजर लवकर थांबतो, कमी असतील तर वाजत राहतो.

गाय व्याली की वासराला चाटून चाटून कोरडं करते, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. उंदराची मादीही पिलांना चाटते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या लक्षात आलं, की काही माद्या खूप चाटतात, काही कमी. १९९७ साली त्यांच्या गटाने दाखवलं, की खूप चाटलेली पिलं मोठेपणी ताणाखाली कमी संप्रेरक सोडतात, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते ग्राहक-रेणू जास्त असतात. अनोळखी जागेत ती पुढे होऊन वास घेत हिंडतात. कमी चाटलेली पिलं भिंतीला चिकटून राहतात.

आईचा स्वभावच पिलात उतरला असेल, अशी शंका कुणालाही येईल. म्हणून त्यांनी जन्मतःच पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या मादीचं पिलू खूप चाटणारीकडे वाढलं, तर ते वाढवणारीसारखं झालं, जन्म देणारीसारखं नव्हे. यशोदेकडे वाढलेल्या कृष्णाची आठवण यावी, असा निकाल. २००४ साली त्याच गटाने आणखी आत जाऊन पाहिलं. ग्राहक-रेणू बनवणाऱ्या जनुकाच्या सुरुवातीला काही रासायनिक खुणा असतात, त्या जितक्या जास्त तितकं जनुक गप्प. चाटण्याने पहिल्या आठवड्यात या खुणा कमी होत होत्या. जनुक तेच, पण ते किती बोलणार हे आईच्या जिभेने ठरत होतं. मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत औषध सोडून या खुणा बदलताही आल्या.

इथे एक मोठा धोका आहे. हे संशोधन आयांना दोष द्यायला फार सोयीचं आहे आणि तसं ते वापरलंही जातं. मला याचा राग येतो, कारण त्याच शास्त्रात त्याचं उत्तरही आहे. मीनींच्याच गटाला दिसलं, की गाभण असताना ताण दिलेली मादी नंतर पिलांना कमी चाटते. आणि कॅलिफोर्नियात टॅली बराम यांनी तर मादीला काहीच केलं नाही. फक्त पिंजऱ्यात घरटं करायला लागणारं सामान कमी ठेवलं. मादीने पिलांना टाकलं नाही. पण तिचं लक्ष तुकड्या-तुकड्यांत विभागलं गेलं. पिलांजवळ यायची, पुन्हा सामान शोधायला पळायची, कधी येईल आणि कधी जाईल याचा पिलांना नेम नाही. ही पिलं मोठेपणी चिंताग्रस्त निघाली. दुसऱ्या प्रयोगशाळांनी हीच पद्धत वापरली, तेव्हा मोठेपणी त्यांची आतडीसुद्धा वेदनेला हळवी आढळली. एकच कमतरता, घरट्याची. आणि परिणाम मनावरही, पोटावरही.

हे वाचताना मला बीडकडून दिवाळीच्या सुमारास निघणारे ऊसतोडीचे तांडे दिसतात. साखर कारखान्याच्या कडेला पाचटाची कोपी, पहाटे अंधारात कोयता, बाळ झोळीत आणि आई फडात. तिच्या मायेत तसूभर उणं नसतं. तिच्याकडे घरट्याचं सामान नसतं. बाळाच्या मेंदूची काळजी म्हणून काही करायचं, तर आईला उपदेश करण्याआधी तिला बाळंतपणाची भरपगारी रजा, पाळणाघर आणि पक्कं छप्पर द्यायला हवं.

उंदरांवरून माणसांबद्दल किती बोलावं? थेट प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. पण इतिहासाने एक भयंकर प्रयोग आधीच करून ठेवला होता. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली, लोकसंख्या वाढावी म्हणून. पोसता न आलेली मुलं सरकारी संस्थांत जमा होत गेली आणि १९८९ अखेर राजवट कोसळली, तेव्हा लाखाहून जास्त मुलं तिथे होती. खायला मिळायचं, लंगोट बदलला जायचा, पण एका ठरावीक माणसाचा हात नाही. पाळण्यात पडून छताकडे बघणारी, न रडणारी बाळं. रडून कुणी येत नाही, हे कळलं की बाळ रडणं सोडतं.

२००० साली तीन अमेरिकी संशोधकांनी, चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी, बुखारेस्टमधल्या सहा ते एकतीस महिन्यांच्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या मुलांना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून पालक-कुटुंबांत पाठवलं, निम्मी संस्थेच्या देखभालीतच राहिली. ती कुटुंबंसुद्धा संशोधकांनाच शोधून, पैसे देऊन तयार करावी लागली, कारण तिथे तशी व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. बाकीच्या मुलांचं काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि मलाही तो सुटलेला वाटत नाही. मुलं साडेचार वर्षांची झाली तेव्हा चिंता आणि उदासीच्या विकारांचं प्रमाण कुटुंबात गेलेल्यांमध्ये संस्थेतल्यांच्या जवळपास निम्मं होतं. बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांना चारचौघांसमोर बोलण्यासारखी ताणाची कामं दिली, तर संस्थेत वाढलेल्यांचं कॉर्टिसॉल वाढलंच नाही. गजर सतत वाजून वाजून मुका झाल्यासारखा. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांचा प्रतिसाद मात्र साध्या घरातल्या मुलांसारखा होता.

म्हणजे लहानपणीच्या ताणाने गजर नेहमी मोठाच होतो, असं नाही. कुणाचा ऊठसूट वाजतो, कुणाचा वाजायचाच थांबतो. बिघाड दोन्हीकडे आहे.

आता चिंता आणि वेदना एकत्र कुठे येतात? मेंदूत खोलवर बदामाएवढा अमिग्डला असतो, धोका हुंगणारा. लहान मुलांमध्ये तो आईच्या आधाराने शांत होतो. निम टॉटनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की नुसता आईचा फोटो पाहतानाही लहान मुलांच्या अमिग्डलाची खळबळ कमी होते. ज्यांना हा आधार मिळाला नाही, त्यांचा अमिग्डला स्वतःच पहारा द्यायला शिकतो आणि मग पहारा सोडत नाही. याच अमिग्डलापासून एक वाट थेट त्या पाटकऱ्यापर्यंत जाते, मेंदूच्या बुंध्यातल्या. वाघ प्रत्यक्ष समोर उभा असेल तर वेदना दबते, आधी पळायला हवं म्हणून. पण ‘वाघ येईल का, येईल का’ अशा धास्तीत जगणाऱ्याच्या शरीरात दार वर उचललेलं राहतं, कारण प्रत्येक बारीक खबर महत्त्वाची असते. दुखलं की धास्ती वाढते, धास्तीने झोप उडते, झोप नसली की दुसऱ्या दिवशी तेवढंच दुखणं जास्त दुखतं. मान, पाठ, पोट, डोकं, आज हे आणि उद्या ते.

माणसांमधला पुरावाही आहे, आणि तो सरळसोट नाही. १९५८ साली मार्च महिन्याच्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सुमारे १७,००० बाळांची नोंद ठेवली गेली आणि ती माणसं आयुष्यभर अभ्यासली जात आहेत. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना अंगभर, दीर्घकाळ दुखतं का, हे विचारलं गेलं. लहानपणी आई गेलेल्यांमध्ये, अनाथालयासारख्या संस्थेत राहिलेल्यांमध्ये, घरी पैशांची ओढाताण असलेल्यांमध्ये, रस्त्यावरच्या अपघातानंतर रुग्णालयात राहावं लागलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे दीड ते दोन पट निघालं. या पाहणीचं मोल असं, की लहानपणच्या नोंदी लहानपणीच झालेल्या होत्या, दुखणाऱ्या माणसाने मागे वळून आठवलेल्या नव्हत्या.

हा फरक महत्त्वाचा का, ते अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासावरून कळतं. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी लहानपणी छळ झाल्याची न्यायालयात नोंद असलेल्या मुलांचा मोठेपणी माग काढला. कॅरन राफाएल यांच्याबरोबर त्यांनी २००१ साली जे छापलं, ते अनेकांना अनपेक्षित होतं. नुसत्या नोंदलेल्या छळाचा मोठेपणीच्या वेदनेशी ठळक संबंध दिसला नाही. ‘माझा लहानपणी छळ झाला’ असं आज सांगणाऱ्यांमध्ये मात्र वेदना जास्त होती. दहा वर्षांनी पुढचा धागा हाती आला. छळ झाला होता आणि त्याच्या आघाताचा मनोविकारही जडला होता, अशांमध्ये तीस वर्षांनंतरची वेदना वाढलेली होती. प्रसंग किती मोठा होता यापेक्षा तो शरीरात जागा राहिला का, हे अधिक मोजावं लागतं, असं मी यातून समजते. कुणी सावरायला आलं का, यावरही ते बरंच अवलंबून असणार.

म्हणूनच इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘तुमचं बालपण किती खडतर, मोजा’ छापाच्या दहा प्रश्नांच्या चाचण्यांवर माझा विश्वास नाही. त्यांचं मूळ सॅन दिएगोमध्ये झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आहे. ती हजारो लोकांच्या समूहाबद्दल बोलते आणि तिथे ती मोलाची आहे. एकट्या माणसाचं भविष्य तिच्यातून निघत नाही. दीड पट धोका म्हणजेसुद्धा बहुतेक जण ठीक.

पण ज्यांना दुखतं, त्यांचं काय? आपल्याकडे अंग दुखणाऱ्या बाईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की दोनच निष्कर्ष निघतात. एक तर ‘काही नाही, मनाचे खेळ’, नाही तर आणखी एक एमआरआय. दोन्ही तिच्यावर अन्याय करतात. नवं दुखणं आधी नीट तपासून घ्यायलाच हवं. पण सांधा किंवा मणका निर्दोष निघाला, म्हणजे वेदना खोटी ठरत नाही. शेत खरंच पाण्याखाली आहे, बिघाड वरच्या दारात आहे. ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारख्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या की माणसं नेटवर बघतात, ‘नैराश्यावरचं औषध’ असं वाचतात आणि दुखावून चिठ्ठी बाजूला ठेवतात. या गोळ्या वरून खाली येणाऱ्या त्याच मार्गाला बळ देतात, म्हणून त्या वेदनेसाठी देतात. हे कुणीतरी दोन मिनिटं थांबून सांगायला हवं. तेच व्यायामाचं. आज पाच मिनिटं, पुढच्या आठवड्यात सात, असं हळूहळू वाढवत नेलेलं चालणं ‘हालचाल म्हणजे इजा नव्हे’ हे मज्जासंस्थेला पुन्हा शिकवतं. एकदम तासभर चालून चार दिवस अंथरूण धरलं, तर ती उलटं शिकते. चिंतेवर समुपदेशन घेतल्याने दुखणं हलकं होतं, तेही याच कारणाने.

आणि तान्ह्या बाळासाठी जे करता येतं, त्याला फारसा खर्च नाही. लस देताना किंवा त्याच्या जरा आधी बाळाला अंगावर पाजायला घ्यावं, उराशी धरावं, एकाच वेळी अनेक लसी असतील तर सगळ्यांत दुखणारी शेवटी द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालीच सांगितलंय. सुईच्या भीतीने लस चुकवू नये, हेही इथेच सांगते. आईच्या कुशीतली एक सुई बाळाला बिघडवत नाही. जे थांबायला हवं, ते वेगळं. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापवलेल्या विळ्याने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. बाळ वाचावं म्हणूनच ते दिले जातात. दवाखाना डोंगरापलीकडे असेल तर हातात जे आहे ते माणूस करतो. नुसत्या बंदीच्या फलकाने ते थांबणार नाही. जवळ दवाखाना हवा, आणि तिथे कोरकू बोलणारं माणूस.

काचेतल्या बाळांसाठीचा उपाय १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सापडला, तोही टंचाईतून. एदगार रेय सानाब्रिया यांच्या रुग्णालयात पेट्या पुरत नव्हत्या, म्हणून त्यांनी बाळं आयांच्या छातीवर, उघड्या अंगाला लावून बांधली. कांगारू पद्धत ती हीच. अशा वेळी टाचेला सुई टोचली तर बाळाला कमी दुखतं, हे पुढे अनेक अभ्यासांत दिसलं. मात्र बाळ आधी पेटीत स्थिर व्हावं आणि मग आईकडे द्यावं, असाच नियम बहुतेक ठिकाणी राहिला. माझ्या मुलीला मी पहिल्यांदा छातीशी धरलं ते तेराव्या दिवशी.

दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय आणि घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया इथली रुग्णालयं मिळून या नियमाची परीक्षा झाली. एक किलो ते १.८ किलोच्या आतली ३,२११ बाळं. निम्मी नेहमीप्रमाणे आधी पेटीत, निम्मी जन्मल्याबरोबर आईच्या किंवा घरातल्या कुणाच्या तरी छातीवर. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू छातीवरच्या बाळांमध्ये पंचवीस टक्के कमी होते. फायदा इतका स्पष्ट दिसला, की पाहणी ठरल्या वेळेआधी थांबवली गेली आणि २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. त्यासाठी सफदरजंगमध्ये केलेला मोठा बदल यंत्राचा नव्हता. अतिदक्षता विभागाच्या आत, जिथे एरवी आईला सहसा राहू देत नसत, तिथे बाळाच्या शेजारी आईची खाट टाकली होती.